सहाव्या घरातला मामा

भाचीच्या लग्नात छगनला मिळण्यासारखं होतं तरी काय? एक फेटा, एक टॉवेल-टोपी, आणि मंगलाष्टकं संपेपर्यंत नवरीच्या पाठीशी मामा म्हणून उभं राहण्याचा मान. पहिल्या दोहोंची त्याला फिकीर नव्हती. तिसऱ्यासाठी मात्र तो नागापुरातलं मोटार रिवायंडिंगचं दुकान चार दिवस बंद ठेवून पुणतांब्याला आला होता.

त्याच्या दाजींना, म्हणजे कारभारीला, हे चार दिवसच खटकले.

"लग्न रविवारी, अन् ह्यो गुरुवारीच आला. कशापायी?" तो बायकोला म्हणाला.

"माजा भाऊ हाय त्यो. कामाला आलाय," बनुबाई म्हणाली.

"अन् ही लिंबं? मोजली मी. एकवीस हायती. एकवीसच का?"

"सरबताला आनलीत. बावीस आनली असती, तर बावीसच का म्हनला असता तुमी."

कारभारीचं चुकलं ते एवढंच, की तो पुरतं ऐकून उठला नव्हता. महिन्यापूर्वी ज्योतिष्याने त्याच्या लेकीची, राजनंदिनीची पत्रिका पसरून सांगितलं होतं, "सहावं घर म्हणजे रिपुस्थान. शत्रू इथून बघायचे, मामाही इथूनच. या घरात राहू बसलाय..." तेवढ्यात मांडववाल्याचा फोन आला आणि कारभारी उठला तो परत बसलाच नाही. शत्रू, मामा आणि राहू. घरी पोचेपर्यंत तिघांचा मिळून त्याने एकच माणूस केला होता.

मग छगन मांडवाच्या खांबाला वायर बांधू लागला, की कारभारी खाली उभा राहून गाठ निरखी. छगन हसला तर का हसला, आणि नाही हसला तर मनात काय आहे?

रविवारी सकाळी त्याने निकाल दिला. "छगन, तू जनरेटरकडं बघ. पाठीशी सुनील उभा ऱ्हाईल."

सुनील बनुबाईचा चुलतभाऊ. वर्षातून एकदा दिसणारा, म्हणून निर्धोक.

छगनच्या हातात पक्कड होती. "दाजी, माजं काय चुकलं?"

"तुजं न्हाई. पत्रिकेतच हाय. सहाव्या घरात मामा अन् वैरी एकाच जागी. पोरीला बाधंल."

छगन बराच वेळ पक्कड उघडत-मिटत राहिला. "मंग ऱ्हाऊ द्या," तो म्हणाला. "पोरीचं वाईट नगं व्हायला."

भांडणाची तयारी करून आलेल्या कारभारीला हा समजूतदारपणा तर फारच संशयास्पद वाटला.

लग्न लागलं. सुनीलने एका हाताने मोबाईलवर शूटिंग करत मामाचा मान उरकला. पंगतीत कारभारी लग्न लावणाऱ्या गुरुजींच्या कानाशी लागला. "राहूची शांत कधी करू? सहाव्यात हाय पोरीच्या."

"सहाव्यात? अहो, उत्तम! पापग्रह तिथंच बरा. शत्रूला डोकं वर काढू देत नाही."

"अन् मामा?"

"मामाचं काय? एका घरावरून चार गोष्टी बघतात. तुमच्या घरात काय एकच माणूस राहतो?" गुरुजींनी जिलबी पुढे ओढली.

निघताना राजनंदिनी एकेकाच्या पाया पडत मांडवामागे गेली. मागोमाग बनुबाई, कारभारी आणि व्याही. छगन जनरेटर बंद करून उभा होता. ती वाकली, तसा तो दोन पावलं मागे सरला.

"लांबूनच, बाई. सुखी ऱ्हा."

"मामा, आसं काय करतो?"

ती पुढे आली. तो आणखी मागे गेला. पाठीला तारेचं कुंपण लागलं, तेव्हा थांबला. "नगं, नंदे. हात नगं लावू मला."

बनुबाईने नवऱ्याकडे बघितलं. कारभारीने तोंड उघडलं. एक वाक्य पुरलं असतं. पण शेजारी व्याही उभे होते. त्याने घड्याळात बघितलं. "चला, उशीर व्हतोय."

राजनंदिनीने मामाच्या पायांपुढची माती बोटांनी टिपली, कपाळाला लावली आणि गाडीत जाऊन बसली.

ज्योतिष्याचं काही गेलं नाही. कारभारीची व्याह्यांपुढे शोभा टळली. छगन मात्र, तिने माती उचलली होती तिथे पाय पडू नये म्हणून, वळसा घालून गेला.