पहिली फेरी रिकामी नको

“रिकामा पाळणा हालवजो नोको, पोरी. अन् दुसऱ्या कोणालेही हालवू देजो नोको. लेकरावर येते.”

सत्यभामाबाईंनी हे सांगितलं तेव्हा शरयू नवी सून होती, आणि पाळणा म्हणजे घरात कडीला टांगलेला लाकडी पाळणा. पण सासूबाईंच्या मनात पाळण्यापाळण्यात भेद नव्हता. पुढे सासऱ्यांनी एका जत्रेवाल्याकडून आकाशपाळणा विकत घेतला आणि मेहकरच्या बाहेर, चिखलीच्या रस्त्याला ‘गंमतबाग’ उघडली, तेव्हा त्या लोखंडी धुडालाही त्यांनी तोच नियम लावला. म्हणाल्या, “आकाशपाळणा म्हना नाई तर पाताळपाळणा म्हना, पाळणा थो पाळणाच.” तेव्हापासून बागेतली पहिली फेरी कधी रिकामी गेली नाही. पाळणा चालवणारे फकीर मोहम्मद रोज फाटकाजवळची दोन-चार पोरं फुकट बसवायचे आणि मगच दांडा ओढायचे. सासूबाई गेल्या, फकीर मोहम्मद गेले, नियम राहिला. उंबऱ्यावरच्या हळदीकुंकवाला जसं कोणी का म्हणून विचारत नाही, तसं यालाही कोणी विचारलं नाही.

आता तर पाळणाच बंद होता.

गेल्या उन्हाळ्यात तो फिरताना कण्हायला लागला. शरयूचे यजमान नीळकंठ, शाळेतून निवृत्त झालेले विज्ञानाचे मास्तर, त्यांनी तो दुरुस्तीला खामगावच्या राजकुमारकडे दिला. राजकुमार म्हणाला होता, “काकू, श्रावणात तुमी वर बसून बालाजीच्या कळसाले हात जोडसान.” श्रावण गेला. मोटर आली ती दुसऱ्याच कुठल्या पाळण्याची. ती परत जाईतो पितृपक्ष लागला, आणि पितृपक्षात नवी मोटर जोडू नये असं राजकुमारच सांगायला लागला, जो एरवी शनिवारी दाढी न करणाऱ्यांना हसायचा. दिवाळीला रंग झाला, तर डब्यांची दारं अशी बसली की आत गेलेल्या माणसाला बाहेर येता येईना. ती काढून बसवली तोवर आचारसंहिता. ती उठली तर ज्यांच्या हस्ते फीत कापायची त्या भाऊंच्या तारखा. फाटकावर बांधलेली लाल फीत धुळीनं विटकरी झाली. शेजारी फलक होता, ‘लवकरच आपल्या सेवेत’. त्यातलं ‘लवकरच’ उन्हानं उडालं, आणि त्या जागी कोणीतरी खडूनं ‘पुढच्या जन्मी’ असं लिहून ठेवलं. शरयूनं ते ओल्या फडक्यानं पुसलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, अक्षर जरा सुधारून.

शरयूचा आवाज मुळातच हळू. त्यातून रोज सकाळी पूजा आटोपून तुळशीला पाणी घालेपर्यंत तिचं मौन असे. हे राजकुमारनं बरोबर हेरलं होतं. त्याचा फोन नेमका तेव्हाच यायचा. ती उचलून नुसती ऐकायची. “काकू, तुमी काई बोलत नाई म्हन्जे तुमाले मंजूर हाय,” असं म्हणून तो आणखी एक आठवडा घ्यायचा, आणि शरयू पूजेतली घंटा जरा जोरात वाजवायची. त्यापलीकडे तिचा राग कधी गेला नव्हता.

कमाई थांबली याचं तिला फारसं काही नव्हतं. तिनं शब्द दिला होता, ते तिला खात होतं.

शब्द इमामबीला दिला होता. फकीर मोहम्मद यांची बायको. बागेच्या मागच्या गल्लीत घर, आणि उभा जन्म फाटकाशी फुटाणे-शेंगदाण्याची टोपली. नवरा पाळणा फिरवायचा आणि ही खाली बसून पुड्या बांधायची. तो रोज म्हणायचा, बस एकदा. ही रोज म्हणायची, उद्या बसतो, आता गिऱ्हाईक हाय. तो गेला, आणि उद्या राहून गेला. एकदा तिनं सहज विचारलं, “शरयूबाई, वरून काय दिसते हो?” शरयूच्या तोंडून निघून गेलं, “पाळणा नीट होऊ द्या चाची, पहिली फेरी तुमची. मी बसते तुमच्याजवळ.”

इमामबीचा मुलगा आसिम पुण्याला कामाला. आईला कायमचं घेऊन जायला तो दोनदा आला आणि दोनदा रिकाम्या हातानं परत गेला, कारण दोन्ही वेळा राजकुमारनं ‘बस आठ दिवस’ सांगितलं होतं. आता तो तिसऱ्यांदा आला होता. घराला भाडेकरू मिळाला होता. इमामबीनं कोंबड्या वाटून टाकल्या होत्या.

“अम्मी, पाळण्यासाठी कोनी गाव सोडाचं थांबते का?” आसिम म्हणाला.

“तुह्या बापासाठी जिंदगी थांबली, बेटा. त्याच्या पाळण्यासाठी चार दिवस जास्ती झाले का?” मग शरयूकडे वळून ती हसली. “पन आता उद्या दुपारची गाडी हाय, शरयूबाई. ह्या आसिमलेही नोकरी हाय. तुमच्या पाळण्याच्या आधी माहा जनाजाच फिरन बापा.”

“असं बोलू नका, चाची.”

“मंग काय बोलू? राजकुमारसारखं बोलू? बस आठ दिवस?”

आणि त्याच दिवशी सगळं जुळूनही आलं होतं. बुलढाण्याहून तपासणीसाठी कुशल नावाचे तरुण इंजिनिअर आले. नटबोल्ट पाहिले, तार ओढून पाहिली, मान हलवली. मग म्हणाले, “चला, आधी रिकामा फिरवा. नंतर रेतीची पोती ठेवून फिरवू. मग झालं.”

बटणापाशी कडूबा उभा होता, फकीर मोहम्मद यांच्या हाताखाली तयार झालेला माणूस. त्यानं बटणावरचा हात काढून घेतला. “रिकामा?”

“रिकामाच. माणूस बसवून तुटला तर तुम्ही भरून देणार का?”

कडूबानं नीळकंठांकडे पाहिलं. नीळकंठांनी फाटकाकडे पाहिलं. तिथं त्यांची लेक आरोही चिंच चोखत उभी होती, बाळंतपणाला माहेरी आलेली, सातवा लागलेली.

“मोटर गरम झाली हाय,” नीळकंठ म्हणाले.

“सर, मोटर अजून सुरूच नाही केली.”

“म्हणूनच,” नीळकंठ म्हणाले, ज्यांनी जन्मभर पोरांना उष्णता शिकवली होती.

कुशलसाहेबांनी कपाळाला हात लावला. “असं करा. उद्या सकाळी मी बीबी गावाला चाललो आहे. जाताना थांबतो. तेव्हा फिरला तर फिरला, नाही तर माझी पुढची फेरी कधी होईल ते मलाच माहीत नाही.”

घरी आल्यावर शरयूनं ताट वाढता वाढता हळूच विचारलं, “अहो, तुम्ही विज्ञान शिकवलं ना?”

“शिकवलं. पेपरात रिकाम्या पाळण्यावर प्रश्न येत नव्हता.”

“तुमचा विश्वास आहे का मग त्यावर?”

“मुळीच नाही. पण पोरगी समोर उभी होती. उद्या काही झालं, होणार नाही, पण झालं, तर मले जन्मभर वाटत राहीन. तुले नाही वाटणार?”

शरयूनं भाकरी वाढली. नीळकंठ मोटरबद्दल खोटं बोलले तेव्हा तिच्याही जिवाला हलकं वाटलं होतं, आणि तेच तिला सगळ्यात जास्त टोचत होतं. वर्षभर तिनं राजकुमारला, भाऊंना, त्या आचारसंहितेला मनातल्या मनात नावं ठेवली. शेवटची खीळ घातली ती आपल्याच घरानं.

आरोही म्हणाली, “आई, मी घरात बसते ना. तुम्ही फिरवा.”

“घरात बसून होत असतं तर तुझ्या आजीनं तसं सांगितलं नसतं का?”

“मग इमामबी आजी?”

शरयूनं ताटं उचलली.

सकाळी आंघोळ करून शरयू पाट्याशी बसली. नैवेद्याच्या थाळीत ओल्या खोबऱ्याची चटणी लागायची, आणि ती तिला पाट्यावरचीच लागायची. मौन होतं, पण डोक्यातली बडबड काही थांबत नव्हती. वर्षभर पाळणा बंद, तेव्हा कोणाच्या लेकरावर आलं नाही. आता फिरायला तयार, तर म्हणे रिकामा नको. आणि साहेब म्हणतात रिकामाच हवा. दोघांचंही ऐकायचं तर पाळण्यात बसावं कोणी, दगडानं?

तिचा हात थांबला.

हातात वरवंटा होता. काळा, मधे झिजलेला, सासूबाईंच्या वेळचा. हाच वरवंटा आरोहीच्या बारशाला सासूबाईंनी धुऊन पुसून घेतला होता, त्याला कुंची घातली होती, काजळाचे डोळे काढले होते. आरोहीच्या आधी पाळण्यात तो निजला होता. कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या म्हणत बायांनी तो पाळण्याखालून इकडून तिकडे दिला होता, आणि फुटाण्याची टोपली घेऊन आलेली इमामबी दगडाचं टोपडं पाहून हसून हसून बेजार झाली होती. सासूबाई म्हणाल्या होत्या, “हास तू. दगडासारखं दणकट लेकरू आधी पाळण्यात जाते, मंग आपलं.”

शरयू उठली. चटणी तशीच पाट्यावर राहिली. तिनं वरवंटा धुतला, पदरानं पुसला. येणाऱ्या बाळासाठी आरोहीची जुनी कुंची धुऊन ठेवली होती, ती काढून त्याला घातली. काजळाच्या डबीत बोट बुडवून दोन डोळे काढले. एक जरा तिरपा आला. देवापुढे उभं राहून तिनं हात जोडले, पूजा न करताच, म्हणजे मौनही न सोडताच, आणि ते गाठोडं छातीशी धरून ती बाहेर पडली.

“अगं, काय आहे ते? कुठं चालली?” नीळकंठ पायात चप्पल अडकवत मागे आले. तिनं उत्तर दिलं नाही. सकाळची वेळ होती.

बागेत कुशलसाहेब गाडीला टेकून घड्याळ बघत होते. शरयू सरळ आकाशपाळण्यापाशी गेली, खालच्या डब्यात वरवंटा निजवला, कुंचीची नाडी नीट केली, दार लावलं.

कडूबानं वाकून आत पाहिलं. मग त्याचं तोंड पसरलं. “वहिनी, आता रिकामा नाई.”

“हे काय आहे?” कुशलसाहेब म्हणाले. “मला रिकामा पाहिजे होता.”

नीळकंठांचे कान लाल झाले. ते खाली बघत म्हणाले, “आमच्या आईचं एक म्हणणं होतं, साहेब. रिकामा पाळणा हलवू नये.”

“हा पाळणा?”

“नाव तर तेच आहे ना.”

“साहेब,” कडूबा म्हणाला, “तुमच्या बारशाले पाळण्यात आधी काय ठेवलं होतं? घरी फोन करून इचारा.”

कुशलसाहेबांनी डब्यातल्या तिरप्या डोळ्याकडे पाहिलं. “एवढ्या वजनाचं तर कबुतर येऊन बसते,” ते म्हणाले, आणि पहिल्यांदाच त्यांच्या बोलण्यात घरची बोली आली. “चालवा. आईसाहेबांसाठी भरलेला, माह्यासाठी रिकामा.”

कडूबानं बटण दाबलं. पाळणा उचलला गेला, डबे एकामागून एक वर गेले, आणि कुठं कण्हणं नाही की करकर नाही. कुंचीतला वरवंटा सगळ्यांच्या डोक्यावरून बालाजीच्या कळसाकडे तोंड करून गेला आणि खाली आला. मग पोती भरली, तीही फिरली. कुशलसाहेबांनी हात झटकले, “झालं, तुमचा पाळणा मोकळा,” म्हणाले आणि बीबीच्या रस्त्याला लागले. कडूबानं पोती उतरवली. वरवंटा मात्र राहू दिला.

नीळकंठ आनंदानं फोनवर बोलत होते. फोन कानाशीच धरून त्यांनी सांगितलं, “भाऊंचे पीए म्हणतात, गुरुवारी जमन. नाई तर पुढच्या सोमवारी पक्कं. आता इतकं थांबलो, तर…”

शरयूनं त्यांच्याकडे पाहिलं. मग ती फाटकाशी गेली आणि विटकरी पडलेल्या फितीची गाठ सोडायला लागली. गाठ धुळीनं आवळली होती, नखं लावावी लागली. सुटल्यावर तिनं फितीची नीट घडी घातली, नवऱ्याच्या फोन नसलेल्या हातात ठेवली, आणि ओल्या पदराच्या टोकानं फलकावरचं ‘पुढच्या जन्मी’ पुसून टाकलं.

“थांबा, मी तुम्हाला मागून फोन करतो,” नीळकंठ फोनमध्ये म्हणाले.

मागच्या गल्लीत इमामबीच्या दाराशी ट्रंक बाहेर काढून ठेवलेली इथूनही दिसत होती. पूजा व्हायची होती, त्यामुळे हाक मारता येणार नव्हती. जाऊन दाराची कडीच वाजवावी लागणार होती. शरयूनं पदर खांद्यावरून घेतला आणि ती त्या दिशेनं चालायला लागली.