उजवा हात मोकळा

घरात एक खेळाडू पुरे, असं माझं मत. आमच्याकडे दोन आहेत, आणि त्यातला दुसरा माझा नवरा आहे, वय वर्षं अठ्ठावन्न.

पहिला म्हणजे आमचा जावई यशोधन. जन्म इथलाच, लंडनमधल्या ईलिंगचा. उत्तरेकडच्या क्लबांसाठी बारा वर्षं रग्बी लीग खेळला. तीनदा नाक मोडलं, तेव्हा कोणी काही बोललं नाही. दोन्ही गुडघे गेले तेव्हा मात्र फुलं देऊन घरी पाठवलं. मग वॉटफर्डच्या एका छोट्या क्लबने पस्तिशीपुढच्यांचा संघ त्याच्या गळ्यात बांधला. अट एकच: सीझन संपायच्या आत एक तरी ट्राय झाला पाहिजे, नाहीतर आम्ही दुसरा कोच बघू. ट्राय म्हणजे चेंडू घेऊन पळायचं आणि समोरच्यांच्या रेषेपलीकडे तो जमिनीला टेकवायचा.

संघाला माणसं लागतात तेरा. मिळाली बारा, बहुतेक आपलीच, लॅपटॉपपुढे बसून पोटं सुटलेली. तेरावे आमचे हे, पुरुषोत्तम. तेराव्याला काढायची सोय नव्हती, आणि सासऱ्याला तर नव्हतीच. तसे हे पळायचे छान. अडचण वेगळी होती.

ह्यांनी कौन्सिलची नोकरी सांभाळून तीस वर्षं सगळ्या भागाच्या सत्यनारायणाच्या पूजा सांगितल्या. पूजा झाली की घरटी दहा माणसं पाया पडणार. त्यामुळे कोणी पायांशी वाकलं की ह्यांचा उजवा हात आपोआप त्याच्या डोक्यावर जातो आणि तोंडातून ‘औक्षवंत हो’ निघतं. आता रग्बीत अडवणारा माणूस झेप घेतो ती पायांवरच. तो वाकला की हे थांबायचे, चेंडू सोडायचे आणि आशीर्वाद द्यायचे. सीझनभर ह्यांनी निम्म्या हर्टफर्डशर जिल्ह्याला दीर्घायुष्य वाटलं. ट्राय शून्य.

शेवटच्या मॅचच्या आदल्या दिवशी यशोधन जेवायला आला. बासुंदीला हात लावेना. मला फार वाईट वाटलं. चेंडू सोडून दुसरं काही ह्या मुलाला येत नाही हो.

"बाबा, प्लीज, ते ब्लेसिंग थांबवा ना. माझी जॉब जाईल."

"अहो यशोधनराव, मुद्दाम करतो का मी? हात जातो."

"ओके, मग लेफ्ट हँडनी ब्लेस करा. बॉल राइटमध्ये राहील."

ह्यांनी पोळी खाली ठेवली. "डाव्या हातानं आशीर्वाद?"

माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "मग चेंडू धरा की डाव्या हातात. मोबाइल डाव्या हातात धरून पोथी वाचता, तेव्हा कसं जमतं?"

यशोधनने बासुंदीची वाटी पुढे ओढली.

मॅच संपायला पाच मिनिटं असताना चेंडू ह्यांच्याकडे आला. ह्यांनी तो डाव्या काखेत दाबला आणि सुटले. एक लालबुंद धिप्पाड गडी पायांवर आला. "औक्षवंत हो." हात डोक्यावर, गडी चिखलात. रेफरीने शिट्टी वाजवली नाही. पळणाऱ्याने मोकळ्या हाताने समोरच्याला ढकललेलं चालतं म्हणे. दुसरा आला, त्यालाही तेच. तिसऱ्याला "सुखी राहा" मिळालं. आणि रेषेपलीकडे जाऊन ह्यांनी तो चेंडू नैवेद्याच्या ताटासारखा अलगद खाली ठेवला.

मला रग्बीतलं ओ की ठो कळत नाही. तरी मी रडले.

मॅच अर्थातच हरलो. पण शिट्टी वाजली तसा यशोधन मैदानात धावला. लग्नात गुरुजींनी सांगितलं म्हणून तो ह्यांच्या पाया पडला होता. त्यानंतर चार वर्षांत कधी नाही. गुडघे वाकत नाहीत, म्हणून आम्हीही विषय सोडला होता. आज मात्र त्याचा ऊर भरून आला होता. "थँक यू, बाबा," म्हणत, दात आवळून, तो वाकला.

ह्यांचा उजवा हात पुढे गेला.

"औक्षवंत व्हा," हे म्हणाले. जावई म्हणून ‘व्हा’. यशोधनराव तोवर चिखलात पालथे पडले होते.

"गुड टेक्निक, बाबा," खालून आवाज आला.

नोकरी राहिली. नाक चौथ्यांदा मोडलं, आणि ह्या वेळी घरच्यांनीच मोडलं.