निळ्या कागदातले आजोबा

खणकन आवाज झाला. क्रीम खरवडायची सुरी सिंकमध्ये पडली होती. आईने श्वास रोखून आतल्या खोलीचा कानोसा घेतला. टिल्ली गाढ झोपेत होती.

सकाळी मायलेकींनी कपकेक केले होते, घरातल्या प्रत्येकाचा एक आणि त्यावर ज्याचं त्याचं तोंड. टिल्लीने क्रीम असं काही थापलं होतं की कुणाचं नाक कानाला जाऊन भेटलेलं. चहाला पाहुणे येणार, नावं ठेवणार, म्हणून लेकीचा डोळा लागताच आईने सगळे चेहरे पुसून नव्याने काढले. निळ्या कागदातल्या कपकेकला तर चॉकलेटचा एकच डोळा होता. तिने दुसराही लावून टाकला.

"अगदी दुकानातले वाटतात गं!" सासूबाई आत येत म्हणाल्या. "पण आमच्या ह्यांचा कुठाय? पट्टीवाला?"

आईने निळ्या कागदातल्या कपकेककडे पाहिलं. ऑपरेशननंतर आजोबांच्या एका डोळ्यावर पट्टी होती, आणि त्या डोळ्याने पुन्हा दिसेल असं डॉक्टर काही बोलत नव्हते. पोरीने विचार करून एकच डोळा लावला होता, आणि आपण बाई मोठ्या शहाण्या!

तेवढ्यात टिल्ली उठून आली आणि टेबलाशी थबकली.

"पिल्लू, ऐक ना, मी ना..." आई सांगू लागली.

टिल्लीने निळ्या कागदातला कपकेक अलगद उचलला. तिचा चेहरा उजळला.

"आई, आजोबांचा डोळा उघडला! आता खऱ्या आजोबांचापण उघडेल ना?"