कोरडं फडकं

जावयाची गाडी पुसायला चंपतरावांना कोणी सांगितलं होतं? कोणीही नाही. उलट सकाळी फाटकापाशी उतरताना सौरवरावांनी हसत हसत बजावलं होतं की, बाबा, हिला कोणी हात लावू नका बरं का. सगळे हसले. चंपतरावांची एकुलती एक लेक उन्नती तेवढी हसली नाही, पण सासरहून आलेल्या पोरीचं हसू मोजत कोण बसतं?

रिटायर माणसाला रिकामपण चावतं, दुसरं काय. धोंड्याचा महिना होता. उन्नतीच्या लग्नाला दोन वर्षं झाली होती आणि लग्नानंतरचा हा पहिलाच अधिक महिना, म्हणून जावयाला थाटात जेवायला बोलावलं होतं. आमरस, पुरणाची पोळी, वरून तुपाची वाटी, ताटाशेजारी तेहेतीस अनारसे. गोपिकाबाईंनी असा आग्रह केला की सवादोनला जावईबापू समोरच्या खोलीत कूलरपुढे आडवेच झाले. चारला उठवा, म्हणाले. मायलेकी भांडी आवरायला लागल्या आणि चंपतराव बाहेर अंगणात आले.

गाडी कडुनिंबाच्या सावलीत उभी होती. काळीकुट्ट, पाडव्याला घेतलेली, आरशासारखी. पण तीन-चार तासांत तिच्यावर राख बसली होती. कोराडीत, थर्मल वीज केंद्राच्या चिमण्यांखाली, ते रोजचंच आहे. खिडकीची चौकट म्हणा, वाळत घातलेली चादर म्हणा, सायकलची सीट म्हणा, इथला माणूस सकाळी उठला की आधी फडकं उचलतो आणि मग चहाचा कप. हाताला वळणच पडलेलं असतं. जावयाची गाडी अशी राखाडलेली परत जाणार, लोक काय म्हणतील, असं चंपतरावांच्या मनात आलं आणि त्यांनी ओट्यावरचं फडकं उचललं. जुन्या मनिल्याचं, म्हणजे शर्टाचं होतं. बॉनेटवर दाबून फिरवलं, चांगलं जोर लावून, गोल गोल.

आता बघा, हा माणूस त्याच थर्मलमध्ये एकतीस वर्षं नोकरी केलेला. राखेचं पाणी वाहून नेणारे जाड लोखंडी पाइप आतून झिजून चाळण होतात, हे त्यानं डोळ्यांनी पाहिलेलं, स्वतःच्या हातांनी ते बदललेले. राख म्हणजे पीठ नव्हे, बारीक काच आहे काच, असं नव्या पोरांना तोच सांगायचा. आणि घरी आल्यावर सगळी अक्कल खुंटीला टांगून कोरड्या फडक्यानं ती काच जावयाच्या गाडीवर घासली. याला काय म्हणावं?

त्यांनी मान तिरपी करून पाहिलं. अख्ख्या बॉनेटवर बारीक गोल रेघा उमटल्या होत्या. आणि डाव्या बाजूला, दिव्याच्या वर, एक वीतभर लांब पांढरी रेघ. फडकं उलटून पाहिलं तर मनिल्याचं एक बटन तसंच राहिलेलं, फुटकं, धारदार. दोन वाजून चाळीस मिनिटं झाली होती.

त्यांनी थुंकी लावून पाहिली. मग टूथपेस्ट आणली, कारण टूथपेस्टनं ओरखडे जातात असं कोणीतरी व्हॉट्सॅपवर पाठवलेलं त्यांना आठवत होतं. ती लावून घासली तर तापलेल्या पत्र्यावर ती वाळून पापडी झाली आणि खाली आणखी चार रेघा निघाल्या. खरकटं टाकायला बाहेर आलेल्या गोपिकाबाईंनी हे पाहिलं आणि दबक्या आवाजात नवऱ्याची जी काढायची ती सगळी काढली. एक दिवस, फक्त एक दिवस तुमच्यानं गुपचूप बसवत नाही का, हे त्यातलं सगळ्यात सौम्य वाक्य. चंपतराव ऐकून घेत होते. त्यांना वाटत होतं, फार तर जावई दोन शब्द बोलेल, आपण हात जोडू, गॅरेजमध्ये नेऊन रंग मारून देऊ. लाज होती, भीती नव्हती.

भीती त्यांना उन्नतीच्या तोंडावर दिसली.

ती पदराला हात पुसत बाहेर आली आणि बॉनेट पाहून जागच्या जागी थांबली. तोंडावरचं रक्त उतरलं. हे कसं झालं, कोणी केलं, काही नाही. तिनं पहिला प्रश्न विचारला तो हा:

“ते उठले काय?”

नाही, म्हटल्यावर ती आत पळाली आणि पर्स घेऊन आली. पर्समधून तिनं कोल्ड क्रीमची एक डबी काढली आणि प्लास्टिकच्या पिशवीत नीट घडी केलेलं पिवळं मऊ फडकं. डबीत क्रीम नव्हतं, करड्या रंगाचा लगदा होता. रंगाच्या दुकानात मिळतं ते घासायचं कंपाउंड. लेकीच्या पर्समध्ये गाडीचे ओरखडे घालवायचं सामान काय करतंय, हे चंपतरावांना कळेना. विचारायला तोंड उघडलं तर तिनं बोट ओठांवर ठेवलं आणि बादलीभर गार पाणी मागितलं.

मग तिनं जे काम केलं ते पाहत राहण्यासारखं होतं. आधी पाणी नुसतं वरून सोडलं, हात न लावता, राख वाहून जाईपर्यंत. पत्रा गार होऊ दिला. थोडा शाम्पू, पुन्हा पाणी. ओल्या बॉनेटवर ज्या रेघा दिसेनाशा झाल्या त्या वरच्या वर आहेत, या जातील, ती पुटपुटली. मग डोळे मिटून नखाचं टोक एकेका रेघेवरून आडवं फिरवलं. जिथं नख अडकत नव्हतं तिथं ती पुढं सरकत होती. दिव्यावरच्या लांब रेघेवर नख अडकलं. तिनं पुन्हा फिरवलं, पुन्हा अडकलं. ती रेघ तिनं तशीच सोडून दिली.

वाटाण्याएवढं कंपाउंड फडक्यावर घ्यायचं, हातभर जागेत हलक्या हातानं फिरवायचं, वाळायच्या आत पुसायचं, की पुढची जागा. तिची बोटं हे इतक्या सराईतपणे करत होती की चंपतरावांना ते पाहवेना. आई स्वयंपाक करते तसं करत होती ती. गोल रेघा एकेक करून जात होत्या आणि आतून कूलरचा घरघराट येत होता. तो चालू आहे तोवर ठीक, असं बाप आणि लेक दोघंही न बोलता धरून चालले होते.

शेवटी चंपतरावांनी विचारलंच, की हे तू कुठं शिकली.

जुन्या गाडीवर, ती म्हणाली. मान वर केली नाही. बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये कोणाची तरी सायकल लागते, पोरांचा बॉल लागतो. ते ऑफिसातून यायच्या आत रोज खाली जाऊन बघून घ्यावं लागते, बाबा.

“आणि नाही बघितलं त?”

“मग ते बोलत नाहीत.”

चंपतरावांना आधी बरंच वाटलं. बोलत नाही म्हणजे शिवीगाळ नाही, हात उचलणं नाही. घरोघरी अबोला असतो, गोपिकाबाईंचा त्यांच्याशी महिन्यातून दोनदा असतो. पण उन्नती घासत घासत, एकसुरी आवाजात, पुढं सांगत गेली. मागच्या वेळी एकवीस दिवस. तिनं वाढलेलं ताट तसंच उचलून कचऱ्याच्या डब्यात. ती खोलीत आली की दिवा बंद. स्कूटीची चावी कपाटात कुलपात. ती ज्या लॅबमध्ये रक्त तपासायचं काम करते तिथं त्यांनीच फोन करून कळवलं की तिची तब्येत बरी नाही, महिनाभर येणार नाही. बाविसाव्या दिवशी चहा मागितला, जणू काहीच झालं नव्हतं. आणि ते एका ओरखड्यापायी, जो तिनं केलाही नव्हता.

इतका राग चंपतरावांना उभ्या जन्मात आला नव्हता, आणि त्यातला निम्मा स्वतःवर होता. आपण हौसेनं फडकं फिरवलं आणि आपल्याच पोरीला एकवीस दिवसांची शिक्षा लिहून दिली.

तेवढ्यात लाइन गेली.

कूलर घरघरत थांबला. अंगणात एकदम शांतता झाली. मेच्या दुपारी कूलर बंद पडला की मेलेला माणूसही उठून बसेल. उन्नतीनं झटक्यात डबी मिटली, फडकं पिशवीत कोंबलं, पर्स बंद केली, पदरानं बोटं पुसली. सगळ्या गोल रेघा गेल्या होत्या. दिव्यावरची लांब रेघ राहिली होती. ती रेघ झाकेल अशी बॉनेटच्या डाव्या बाजूला जाऊन उभी राहिली आणि केस सारखे करू लागली.

सौरवराव मान पुसत बाहेर आले. त्यांच्यामागून गोपिकाबाई पाण्याचा तांब्या घेऊन आल्या. किती छान जेवण झालं, झोपच लागली, असं सौरवराव म्हणाले आणि बोलता बोलता गाडीभोवती एक फेरी मारली, दोन्ही हात पाठीमागे बांधून. फेरी पूर्ण होत आली तसे ते उन्नतीसमोर थांबले. ती सरकेपर्यंत थांबले. मग वाकून त्या रेघेकडे पाहिलं, आणि सरळ होऊन बायकोकडे.

“उन्नती?”

एवढंच. आवाज मऊ, चेहऱ्यावर हसू. अंगणात सासरा उभा होता, हातात ओला मग, पायाशी बादली, बाह्या वर केलेल्या. त्याच्याकडे जावयानं पाहिलंसुद्धा नाही.

“माझी बांगडी लागली,” उन्नती म्हणाली. एक क्षणही न थांबता म्हणाली.

“बांगडी-बिंगडी काही नाही,” चंपतराव पुढं झाले. “मी केलं. कोरड्या फडक्यानं पुसली, बटन लागलं. जे बोलायचं ते मले बोला.”

सौरवराव प्रसन्न हसले. तुमच्यावर कोण रागावेल बाबा, म्हणाले, गाडीच आहे, होतं असं. वाकून नमस्कारही केला. मग त्याच गोड आवाजात बायकोला म्हणाले, चल, निघू या. आणि उन्नती पर्स काखेत घेऊन निघालीसुद्धा. चंपतरावांनी तिचा चेहरा पाहिला आणि त्यांना लख्ख कळलं की आपण कबूल केल्यानं काडीचाही फरक पडलेला नाही. चूक कोणाची, याच्याशी त्या माणसाला काही घेणंच नव्हतं.

चंपतराव फाटकात जाऊन उभे राहिले.

“उन्नती राहील आता.”

अच्छा, सौरवराव म्हणाले, किती दिवस? गोपिकाबाईंना नवरा असं काहून बोलून राहिला ते कळेना, पण लेकीच्या तोंडाकडे पाहून त्यांनीही काहीतरी ओळखलं. अधिक महिन्यात लेक आईची ओटी भरते, ती राहिली आहे, दोन दिवस राहू द्या, असं त्या घाईघाईनं बोलू लागल्या. चंपतरावांनी हात वर करून त्यांना थांबवलं.

“ओटी-बिटी नाही. तिले विचारा. तिले याचं असन त ती येईल.”

सावली सरकली होती, उन्हात गाडी चकाकत होती. उन्नती एका हातानं गाडीच्या दाराची मूठ धरून उभी होती, आणि कितीतरी वेळ तशीच उभी राहिली. चंपतरावांना वाटलं, ही बसणार. ही बसली तर आपण हिला ओढून काढू शकणार नाही.

“मले नाही याचं,” ती म्हणाली. आवाज जेमतेम ऐकू आला. तिनं मूठ सोडली.

सौरवराव काहीच बोलले नाहीत. ठीक आहे नाही, बघून घेईन नाही, सासूला येतो म्हणणंही नाही. जणू अंगणात कोणी नव्हतंच. गाडीत बसले, काच वर केली. चंपतराव फाटकातून बाजूला झाले आणि गाडी वळणावरून दिसेनाशी झाली.

उन्नती ओट्याच्या पायरीवर बसली. तिच्या नखांत अजून करडा लगदा अडकलेला होता. गोपिकाबाई तिच्याजवळ बसून पाठीवरून हात फिरवू लागल्या. चंपतराव समोर उभे राहिले. त्यांना थोडा अभिमान वाटत होता, खोटं काहून बोला, की वेळेला आपण उभे राहिलो.

“एकवीस दिवस,” ते म्हणाले. “एकवीस दिवसांत एक फोन नाही करता आला वं तुले? बाप मेला होता काय?”

उन्नतीनं मान वर केली. ती रागावलेली नव्हती.

“केला होता बाबा. दोन वेळा. तुम्ही म्हणाले, जावई शांत माणूस आहे, तूच काही बोलली असशील.”

चंपतरावांना तो फोन आठवला. जेवण वाढलं होतं, टीव्हीवर बातम्या लागल्या होत्या, आणि त्यांना ठेवायची घाई होती. असंच म्हणाले होते ते, अगदी याच शब्दांत.