टाक्यात गार पाणी

परेशला वाटेची खबर द्यायला वाटेवर जावं लागत नसे. वसई पूर्वेला सहाव्या मजल्यावरच्या त्याच्या गॅलरीतून कामणच्या डोंगराची धार स्वच्छ दिसते. चहा संपेपर्यंत तो तिच्याकडे बघे आणि दर शुक्रवारी ट्रेकिंगच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर अहवाल टाके. गुडघा कुरकुरायला लागल्यापासून दोन वर्षांत त्यानं डोंगराला पाय लावला नव्हता, हे फक्त त्याच्या बायकोला, स्वप्नाला, ठाऊक होतं. ग्रुपवरचे दीडशे लोक मात्र त्याला ‘लीडर’ म्हणत, आणि हा शब्द त्याला ऑफिसातल्या बढतीपेक्षा गोड लागे.

मार्चमधल्या त्या शुक्रवारी त्यानं लिहिलं, ‘पळस फुललाय. वाट पक्की. टाक्यात गार पाणी. माणशी एक लिटर पुरे.’ खाली धारेवरच्या, कातळात खोदलेल्या आणि काठोकाठ भरलेल्या टाक्याचा फोटो, दोन वर्षांपूर्वीच्या डिसेंबरातला. एक्काहत्तर अंगठे आले. आणि एक प्रश्न, नंदाखालच्या सेबॅस्टियन सरांचा. शाळेतून निवृत्त झाले तरी वह्या तपासायची खोड गेली नव्हती.

‘पाणी स्वतः पाहिलंत का?’

‘आज सकाळीच प्यायलो,’ परेशनं ठोकून दिलं.

झालं! वाट एवढी छान आहे तर लीडरनंच रविवारी न्यावं, असा ग्रुपचा आग्रह सुरू झाला. वर आठवीतली आर्या म्हणाली, “पप्पा, मी पण येणार.” बापानं लिहिलंय म्हणून तिनं एकच बाटली भरली. स्वप्ना नुसती हसली.

रविवारी दहा जण जमले. सेबॅस्टियन सरांची सॅक भलतीच फुगलेली होती.

“लीडर, एक लिटर पुरेल ना नक्की?” त्यांनी पायथ्याशी पुन्हा विचारलं.

“सर, हा डोंगर मला पाठ आहे.”

अहवालातला पळस तेवढा खरा निघाला, तोही खालून दिसत होता म्हणून. धारेवरचं गवत वणव्यात जळून गेलं होतं आणि पायाखालचा सुटा मुरूम ज्वारीच्या दाण्यांसारखा सरकत होता. अकरा वाजेपर्यंत सगळ्यांच्या बाटल्या रिकाम्या झाल्या. “टाकं आलंच,” परेश प्रत्येक वळणावर सांगत राहिला.

टाकं आलं. आत भेगाळलेला चिखल आणि वेफर्सचं एक पाकीट.

“पप्पा, शुक्रवारी तर…” आर्या म्हणाली.

“ऊन बघ ना किती आहे! दोन दिवसांत आटलं असेल.”

सेबॅस्टियन सरांनी सॅक उतरवली आणि दोन-दोन लिटरच्या चार बाटल्या ओळीनं मांडल्या. “ईस्टरआधीच्या उपवासकाळात दर शुक्रवारी मी क्रुसाच्या वाटेची प्रार्थना करत या धारेवर येतो,” एवढंच ते म्हणाले आणि पेला भरू लागले. एकेक जण पाणी प्यायला. परेशपाशी येऊन त्यांचा हात थांबला.

“तुम्ही शुक्रवारी इथलंच प्यायलात ना?”

एक वाक्य बोलला असता तर पाणी मिळालं असतं. ‘मी आलोच नव्हतो’ एवढंच. जीभ टाळूला चिकटली होती, पण लीडरपण त्याहून घट्ट चिकटलं होतं. शिवाय सगळे बघत होते.

“हो,” परेश म्हणाला. “मला तशी तहान नाही.”

सरांनी बाटलीचं बूच लावलं. आर्यानं तिचा अर्धा पेला त्याच्यापुढे धरला. त्यानं मान हलवून नको म्हटलं, तेव्हा तिनं बापाकडे बघत तो शेवटच्या थेंबापर्यंत पिऊन टाकला.

उतरताना लीडर मुरमावरून घसरून दोनदा बुडावर बसला. पायथ्याच्या हातपंपावर तो इतका वेळ पाणी प्यायला की मागच्या बायका हंडे घेऊन ताटकळल्या.

पुढच्या शुक्रवारी त्यानं लिहिलं, ‘टाकं कोरडं. मुरूम सैल. पाणी घरून भरपूर न्या.’ दोन वर्षांतला त्याचा हा पहिला खरा अहवाल. तासभर एकही अंगठा आला नाही. मग कुणीतरी विचारलं, ‘सेबॅस्टियन सर, हे खरंय का?’

सरांनी ‘हो’ लिहिलं. त्या ‘हो’वर एक्काहत्तर अंगठे आले. बहात्तरावा आर्यानं दिला, आईच्या फोनवरून.