ताडपत्रीचा पडदा

“पाळी पहिल्यांदा कधी आली, मावशी?”

“आली तेव्हा आली,” फूसीमावशी चटई विणता विणता म्हणाली.

“आणि गेली कधी?”

“गेली तेव्हा गेली. पुढचं विचार.”

विणायला बसलेल्या बायका फिदीफिदी हसल्या. नर्स लेसिएलीला मात्र हसू येईना. महिन्यातून एकदा ती टोंगातल्या या बेटावर यायची. नुकत्याच न्हाण आलेल्या पोरीपासून पणजीपर्यंत सगळ्यांना तपासायचं आणि पुरती ओहोटी लागायच्या आत परतायचं. आज पाणी भराभर उतरत होतं. आणि ही बया सकाळपासून घडी घातलेल्या चटईवर ठाण मांडून बसलेली, उठायचं नाव नाही. ओठ पांढरेफटक.

“आता काही जातं का अंगावरून?”

“छे! काही नाही.” आणि नजर भिंतीकडे.

नारळीच्या झावळ्यांची भिंत ती. तिला टेकून बाहेर बोटवाला तेविता कलिंगड खात बसला होता. लेसिएलीच्या डोक्यात तेव्हा कुठे उजेड पडला. अगं बाई! तेविता म्हणजे फूसीच्या मावशीचा मुलगा, म्हणजे टोंगात भाऊच की! बहिणीच्या अंगाचा शब्द भावाच्या कानावर पडणं म्हणजे मेल्याहून मेलं. आणि आपणच त्याला इथे सावलीला बस म्हणालो. तिला स्वतःचाच राग आला.

ती बाहेर गेली. “तेवितादादा, जरा बोटीकडे जा ना.”

“का?”

का, ते सांगायची सोय नव्हती. “जा म्हणते ना!”

तेविताने तिच्याकडे पाहिलं, मग भिंतीकडे. कलिंगड तिथेच ठेवून तो उठला. थोड्या वेळाने धक्क्यावर इंजिन सुरू झालं आणि त्याची घरघर वाढतच गेली. बोट जागची हलत नव्हती, हा बाबा मुद्दामच इंजिनाचा आवाज वाढवत होता.

फूसीमावशीने मान खाली घातली. “पाळी जाऊन सात वर्षं झाली गं. पण ख्रिसमसपासून परत जातंय. आता तर थांबतच नाही.”

लेसिएलीने वही मिटली. “मावशी, आत्ताच्या आत्ता मोठ्या दवाखान्यात चल.”

“त्याच्या बोटीतून? अशी, त्याच्या डोळ्यांसमोर? त्यापेक्षा मेलेली बरी!”

“मर मग! मी नाही येणार मातीला!” लेसिएली ओरडली आणि तिचेच डोळे भरून आले.

बायकांनी फूसीचं एक ऐकलं नाही. कमरेला चटई गुंडाळून, दोन्ही दंडांना धरून तिला धक्क्यावर आणलं. बोटीच्या मधोमध ताडपत्री ताणून बांधलेली होती. पुढे बसायची फळी, मागे इंजिनाशी तेविता. त्याचे फक्त पाय दिसत होते.

“दादा, तुला पुढचं दिसणार कसं? खडक आहेत!”

“तू सांग,” पडद्यामागून आवाज आला.

फूसीमावशी बोटीत चढली.

लेसिएलीला कुठले कळायला खडक! “डावीकडे... नको, थांब, उजवीकडे वाटतं...” तळाला काहीतरी खरवडलं. तेविताने वेग कमी केला, पण ताडपत्री काही सोडली नाही.

फूसीमावशीने लेसिएलीचा हात धरून तिला खाली बसवलं. या पाण्यात शिंपले वेचण्यात तिचा जन्म गेला होता.

“डावीकडे घे, तेविता,” ती मोठ्याने म्हणाली. “अजून घे. हं, आता सरळ.”

“बरं, ताई,” तो म्हणाला.