वखारवाल्यांची भूक

मित्रांनो, मी एक जुने जेवणाचे टेबल आहे. त्याआधी मी झाड होते.

लाकडाच्या वखारीमागे एक बाग होती आणि बागेच्या मधोमध मी. माझ्या सावलीत हमाल डबे उघडत, शाळेतून परतणारी पोरे दप्तरे भिरकावून माझ्या मुळांवर बसत. बाग एक म्हातारी माळीणबाई सांभाळत असे. कुणी माझी फांदी मोडली, की ती नाव न घेता त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करी. एरवी फार बोलत नसे.

पुढे ती जागा वखारीच्या मालकांनी विकत घेतली. मालक मनाने वाईट नव्हते. त्यांची बायको लवकर गेली होती आणि घरात एकुलती एक मुलगी होती. ती नाटकात कामे करायची. पोस्टमन, शेजारीण, खोकणारे डॉक्टर, कुणाचीही हुबेहूब नक्कल करायची. मालक तिला लाडाने 'सोंगाडी' म्हणत, आणि सगळी गल्लीही तेच म्हणू लागली.

मालकांनी वखारीशेजारी नवे घर बांधले. जेवणघरात एका अखंड फळीचे टेबल हवे, असे त्यांच्या मनाने घेतले. तेवढ्या घेराचे झाड एकच होते.

लाकूडतोड्यांनी मला पाहिले आणि हत्यारे खाली ठेवली. "मालक, दुसरं कुठलंही सांगा. हे नको."

माळीणबाई माझ्या बुंध्याला पाठ टेकून उभी होती.

"बाई, बाजूला व्हा," मालक म्हणाले. "लाकूड आहे ते."

"लाकूड मेल्यावर. आत्ता झाड आहे."

"मला जेवायचं टेबल करायचंय. उगाच आडव्या येऊ नका."

"करा की. बसा त्यावर, जेवा." तिचा आवाज जराही चढला नाही. "पोट भरलं, तर मला येऊन सांगा."

मालकांनी करवतीचे यंत्र स्वतःच्या हातात घेतले. यंत्र तिच्या पदराजवळून फिरले, तेव्हा ती बाजूला झाली. माझा लाल चीक मालकांच्या बाहीवर उडाला. मी कोसळले तेव्हा माझ्यातले सगळे पक्षी एकदम उडाले आणि बराच वेळ आभाळात घिरट्या घालत राहिले. त्यांना बसायला जागा उरली नव्हती. संध्याकाळी माळीणबाईने आपले फावडे आणि पाण्याची झारी उचलली आणि ती निघून गेली. तिला पुन्हा कुणी पाहिले नाही.

सुताराने मला रंधा मारून घासले, तेल पाजले. "असं लाकूड जन्मात एकदाच हाताला लागतं," असे तो सारखा म्हणायचा. पहिल्या जेवणाला पाहुणे आले. जो तो माझ्यावर हात फिरवून वाहवा करत होता. खोटे कशाला सांगू, मी सुखावले.

पाहुणे तृप्त होऊन उठले. मालक मात्र बसूनच होते.

"बाबा, अजून काही देऊ?" मुलीने विचारले.

"काय उरलंय?"

"पातेल्यात थोडा भात आहे."

"आण."

तिने भात आणला, मग सकाळची पोळी आणली, मग डब्यातला खाऊ. सगळे संपले तेव्हा मालक हसून म्हणाले, "आज पोटात कावळ्यांची शाळाच भरलीय बघ." तीही हसली.

दुसऱ्या दिवशी तेच झाले. मग रोजच. पाहुणे थट्टा करायचे, "अहो, हे पोट आहे की विहीर?" हळूहळू थट्टा थांबली, कारण मालक खाता खाता वाळत चालले होते. गालफडे आत गेली. बोटातली अंगठी सैल होऊन ताटात पडू लागली. डॉक्टरांनी सगळे तपासून पाहिले आणि काही दोष नाही म्हणून सांगितले. मालक त्यांच्यासमोरच खिशातले बिस्कीट खात होते.

मुलीने नाटकाच्या तालमी सोडल्या. सकाळी चुलीपाशी उभी राहायची ती दिवे लागेपर्यंत. आधी वखार विकली गेली. मग घरातल्या खुर्च्या, कपाटे, तिच्या आईची भांडी. मला मात्र मालकांनी विकले नाही. माझ्या कडेवर हात ठेवून ते म्हणायचे, "हे गेलं तर जेवायचं कशावर?"

एके दुपारी एक खानावळवाले माझ्यापाशी येऊन उभे राहिले. मालक त्यांच्याशी हलक्या आवाजात बोलत होते.

"मुलगी तुमच्याकडेच राहील. स्वयंपाक, भांडी, सगळं करेल. मला फक्त दोन्ही वेळचं ताट पाठवा. भरपूर पाठवा."

मुलगी दाराशीच उभी होती. तिने सगळे ऐकले. "बाबा," ती एवढेच म्हणाली.

"तुझा बाप उपाशी आहे गं," मालक म्हणाले. आणि ती गेली.

काही दिवसांनी एक मिशीवाला गवंडी थेट घरात शिरला. मालक दचकले. गवंड्याने मिशी काढली तर ती सोंगाडी! कितीतरी दिवसांनी ती खळखळून हसत होती.

"बाबा, खानावळवाल्यांनी मला दारातच अडवलं. म्हणाले, आमच्याकडची मुलगी इकडून गेली का? मी म्हटलं, छे हो, मघापासून इथे माझ्याशिवाय चिटपाखरू नाही!"

मालक हसले नाहीत. ते विचारात पडले होते.

"म्हणजे कुणालाच ओळखू येत नाहीस तू," ते हळूच म्हणाले. "मग पलीकडच्या गल्लीतही एक खानावळ आहे."

तिचे हसू तसेच चेहऱ्यावर राहिले, पण त्यात जीव नव्हता. मी लाकडाचे असूनही मला थंडी वाजली.

त्यानंतर ताटांच्या बदल्यात ती कितीदा गेली आणि कितीदा निसटून आली. कधी नर्स होऊन, कधी बोहारीण होऊन, कधी काठी टेकणारा म्हातारा होऊन. सोंग उतरवले तरी आवाज तिचा नसायचा, चाल तिची नसायची. एकदा ती मला पुसता पुसता माझ्या चकचकीत पाठीवर आपला चेहरा बराच वेळ पाहत राहिली. अनोळखी माणसाकडे पाहावे तशी.

शेवटच्या वेळी ती भिकारीण होऊन आली. मालक जेवत होते.

"साहेब, एक घास द्या."

मालकांनी दोन्ही हातांनी ताट कवटाळले. "चल निघ! इथे मलाच पुरत नाही."

तिने डोक्यावरचे फडके काढले. "बाबा, मी आहे."

मालकांनी मान वर केली. तिला नीट पाहिले, ओळखले. मग विचारले, "येताना काय आणलंस?"

ती मागे वळली. दार ओढून घेतल्याचा आवाज आला.

मग घरात मालक आणि मीच उरलो. फडताळ रिकामे झाले. मालकांनी माझ्या कडेला दात लावले, पण मी कठीण होते. मग त्यांनी स्वतःचा हात माझ्यावर ठेवला आणि ते त्याच्याकडे पाहू लागले. फार वेळ पाहत राहिले. पुढचे मी सांगणार नाही, मित्रांनो. दार फोडून शेजारी आत आले, तेव्हा पहिला आलेला माणूस तसाच मागे फिरला आणि ओरडला, "पोरांना आत येऊ देऊ नका!"

मुलगी सुताराला घेऊन आली.

"जाळून टाकू का गं?" सुताराने विचारले.

"याने कुणाचं काय केलं?" ती म्हणाली. थोड्या वेळाने तिने विचारले, "काका, मी कशी दिसते आता? खरं सांगा."

सुताराने तिच्याकडे नीट पाहिले. "दमलेली दिसतेस, बाळ."

ती तिथेच जमिनीवर बसून रडली. ते रडणे मात्र अगदी तिचे होते.

आता मी सुताराच्या शेडमध्ये धूळ खात असते. काल एक गृहस्थ आले. माझी फळी पाहून त्यांचे डोळे चमकले. सुताराने त्यांना ही सारी हकीकत सांगितली. ते हसले आणि म्हणाले, "उद्या टेम्पो पाठवतो."

मित्रांनो, ते तुमच्या ओळखीचे असतील तर माझा एवढा निरोप त्यांना द्या. मला तोंड नाही, तुम्हाला आहे. घास उचलण्याआधी समोर कोण बसले आहे, ते पाहा म्हणावे. आणि त्याचे जेवण झाले का, तेही विचारा म्हणावे. लवकर सांगा. बाहेर टेम्पोचा आवाज येतो आहे.